जुळ्यांच्या आईची खुर्ची

कोणत्याही संस्थेचा पाया म्हणजे उपस्थिती. काम हे त्यानंतर येतं, आणि पुष्कळ संस्थांत ते येतही नाही. पण तेवढ्यासाठी कुणी संस्था बंद केल्याचं ऐकिवात नाही. उलट ज्या दिवशी खुर्च्या रिकाम्या दिसतात, त्या दिवशी वरिष्ठ तातडीची बैठक बोलावतात. मी आमच्या कार्यालयाच्या हजेरी समितीचा सचिव आहे आणि हे अनुभवाने सांगतो आहे. माझी स्वतःची हजेरी शंभर टक्के आहे. (समितीत याहून कमी हजेरीचा माणूस घेत नाहीत. याहून जास्त हजेरीचा एक होता, पण त्याचा हिशेब पुढे लागला नाही.)

आमची कंपनी घरगुती यंत्रं बनवते. मिक्सर, इस्त्री, पंखे, पाणी तापवायची भांडी. यंत्रं दुसरीकडे बनतात. आमच्या मजल्यावर त्यांच्या खोक्यात घालायच्या माहितीपुस्तिका तयार होतात. 'वापरण्यापूर्वी वाचा' असं जिच्यावर ठळक छापलेलं असतं आणि जी गिऱ्हाईक यंत्र जळल्यावर शोधायला लागतं, ती पुस्तिका आमची. यंत्राप्रमाणे आतला मजकूर बदलतो, शेवटचं वाक्य मात्र कधीही बदलत नाही : 'लहान मुलांपासून दूर ठेवा.' या वाक्याला आमच्या विभागात फार मान आहे. ते मोठ्या अक्षरांत लिहून विभागाच्या दारावर लावावं, असा ठराव एकदा आला होता. अक्षरांच्या रंगावर एकमत झालं नाही म्हणून तो मागे पडला.

आता हजेरीच्या पद्धतीबद्दल. पूर्वी आमच्याकडे अंगठ्याचं यंत्र होतं. अंगठा टेकवला की ते क्षणभर विचार करायचं आणि 'धन्यवाद' म्हणायचं. पुढे पुढे ते फार विनयशील झालं आणि कोपर टेकवलं तरी, फडकं फिरवलं तरी, शेजारून कुणी शिंकलं तरी धन्यवाद देऊ लागलं. एक दिवस ते बंदच पडलं. घरगुती यंत्रांच्या नामांकित कंपनीला ते दुरुस्त करता आलं नाही, कारण त्याची माहितीपुस्तिका सापडेना. तेव्हापासून ते झाकून ठेवलेलं आहे आणि त्याच्या जागी खुर्ची-तपासणी सुरू झाली.

खुर्ची-तपासणी आमचे हजेरीकाका करतात. काका वयस्क आहेत, पायात आवाज न करणारे बूट घालतात आणि सकाळी एकदा, दुपारी एकदा डोळ्यात तेल घालून मजल्यावरून फेरी मारतात. नियम एका ओळीचा आहे : 'खुर्चीत व्यक्ती असल्यास, अथवा व्यक्ती नुकतीच उठून गेल्याची खूण खुर्चीवर असल्यास, हजर समजावे.' खूण म्हणजे स्वेटर, चष्म्याचं घर, छत्री, डबा किंवा अर्धा प्यालेला चहा. (पूर्ण प्यालेला चहा धरत नाहीत. चहा पूर्ण पिऊन माणूस गेला, याचा अर्थ तो जाण्याच्या तयारीने बसला होता.)

ही पद्धत लागू झाल्यापासून आमच्या मजल्यावर भर उन्हाळ्यातही स्वेटर दिसतात. माझा स्वतःचा तपकिरी स्वेटर गेली कित्येक वर्षं एकही दिवस गैरहजर राहिलेला नाही. आमच्या बाणवाल्याचं उदाहरण तर आवर्जून सांगण्यासारखं आहे. बाणवाला म्हणजे यंत्रांच्या चित्रांवर 'हे बटण दाबा' असे बाण काढणारा चित्रकार. तो निवृत्त झाला, निरोप समारंभ झाला, आम्ही त्याला फुलांचा गुच्छ देऊन दारापर्यंत पोचवलंही. पण तो मफलर खुर्चीवर विसरून गेला. तो मफलर पुढचे पाच महिने नियमित कामावर होता. वार्षिक अहवालात त्याला 'शांत, समंजस, वरिष्ठांशी आदराने वागतो' असा शेरा मिळाला आणि हे तिन्ही शेरे खरे होते.

अशा या निरोगी वातावरणात जुळ्यांच्या आईचं प्रकरण उद्भवलं.

जुळ्यांची आई आमच्याकडे मजकूर लिहायची. तिला हे नाव कुणी ठरवून दिलं नाही. ती बाळंतपणाच्या रजेवरून परत आली त्या दिवशी ते तिला चिकटलं. जुळी म्हणजे एक थोरली आणि एक धाकटा. थोरली धाकट्यापेक्षा काही मिनिटांनीच मोठी, पण तेवढ्या मिनिटांत तिने घरातले सगळे अधिकार हातात घेतले होते, असं तिची आई सांगायची. वय अडीच. ही माहिती मी समितीच्या वतीने गोळा केलेली आहे, एरवी आम्ही कुणाच्या घरगुती गोष्टीत पडत नाही.

बाई कामाला वाईट होती असं नाही. किंबहुना मिक्सरची जी पुस्तिका तिने लिहिली, ती वाचून एका गिऱ्हाइकाने पत्र पाठवलं की, 'मला सगळं समजलं.' विभागाच्या इतिहासात असं पत्र पहिल्यांदाच आलं होतं, त्यामुळे त्याचं काय करायचं हे कुणाला कळेना. शेवटी ते तक्रारींच्या फायलीत लावलं. पण कामाचा आणि या प्रकरणाचा संबंध नाही. संबंध होता तो तिच्या खुर्चीचा. काका फेरीवर आले की ती खुर्ची रिकामी. व्यक्ती नाही, स्वेटर नाही, छत्री नाही, थेंबभर चहासुद्धा नाही.

याचं कारण असं की बाई उठून गेली की खरोखरच जायची. धाकट्याला ताप आल्याचा पाळणाघरातून फोन आला की ती आपली भली थोरली पिशवी खांद्याला लावून निघायची आणि त्या पिशवीत तिचं सगळं जग असायचं. औषधाची बाटली, तीन चड्ड्या, एक पायमोजा, उष्टं बिस्किट, कापडी ससा. यातली कोणतीही वस्तू खुर्चीवर ठेवून जाण्याजोगी नव्हती, कारण प्रत्येकीची पुढच्या अर्ध्या तासात कुणाला तरी गरज होती.

आमच्या टंकलेखक ताईंनी तिला एकदा बाजूला घेऊन समजावलं. "अगं, शाल टाकून जात जा की. आम्ही सगळेच तसं करतो."

"मग लोकांना वाटेल मी इथेच आहे," बाई म्हणाली.

"तेच तर."

"पण मी नसते ना, ताई. मी रजेचा अर्ज देते की रीतसर."

ताईंनी कपाळाला हात लावला. प्रामाणिकपणाने माणसाचं कसं नुकसान होतं हे तरुण पिढीला पटवणं फार अवघड आहे.

आणि हे रीतसर अर्जच बाईच्या मुळावर आले. अर्जात माणसाने 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहावं, हा सभ्य संकेत आहे. बाई खरं कारण लिहायची. 'थोरलीने नाकात मणी घातला.' 'मणी काढताना धाकट्याने दुसरा मणी घातला.' 'पाळणाघराच्या मावशींना स्वतःलाच ताप आहे.' 'दोघांचे पोट बिघडले, कपडे संपले.' 'धाकटा माझ्या चपला लपवून बसला आहे व सांगत नाही.' शेवटचा अर्ज वाचून मोठ्या साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मोठे साहेब आमचे विभागप्रमुख. "चपला हे रजेचं कारण होऊ शकतं का?" त्यांनी विचारलं. समितीने नियम चाळले. पायाचं हाड मोडल्यास रजा होती, चपलेबद्दल नियम मूग गिळून होते.

पाळणाघराचा उल्लेख आलाच आहे, तर त्या संस्थेबद्दलही चार शब्द लिहिणं माझं कर्तव्य आहे, कारण तिथली शिस्त आमच्या तोडीची आहे. तिथे मुलाचं नाक रोज दारात तपासतात. शेंबूड पातळ आणि पांढरा असेल तर प्रवेश. हिरवा असेल तर मूल परत. रंगाबद्दल वाद झाल्यास मावशींचा निर्णय अंतिम. दिवसा नाकाचा रंग बदलला तर तासाभरात येऊन मूल न्यायचं. प्रवेशाच्या वेळी मावशी आई आणि वडील दोघांचेही फोन नंबर घेतात आणि आईला फोन करतात. वडिलांना का करत नाही, असं मी समितीच्या वतीने चौकशीसाठी गेलो असता विचारलं, तेव्हा मावशी दचकल्या. "अहो, ते कामावर असतात ना!" म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता, मी तो टिपून घेतला.

बाईच्या यजमानांबद्दलही समितीने माहिती घेतली आणि ती वाचून सगळ्यांना भरून आलं. ते दुसऱ्या एका कार्यालयात आहेत आणि त्यांची हजेरी शंभर टक्के आहे. लागोपाठ दोन वर्षं त्यांचा फोटो तिथल्या जिन्यात लावलेला आहे. अभिनंदनाच्या भाषणात त्यांनी आपल्या यशाचं श्रेय लवकर उठणे, भरपूर पाणी पिणे आणि मनाचा निश्चय यांना दिलं. एकाच घरात, एकाच छताखाली, त्याच दोन मुलांसह राहून एका माणसाची हजेरी शंभर टक्के आणि दुसऱ्याची पन्नासच्या घरात, यावरून हा प्रश्न परिस्थितीचा नसून स्वभावाचा आहे, हे समितीपुढे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं.

मलाही दोन मुलं आहेत, म्हणून मी हे अधिकाराने बोलू शकतो. आता ती मोठी झाली आहेत. (कशी झाली याची मला नीटशी कल्पना नाही. मी ऑफिसात होतो.) आमची ही लग्नाआधीपासून शाळेत गणित शिकवायची, पण मुलं झाल्यावर तिची हजेरी कमी पडू लागली आणि तिने ते सोडलं. त्याच वर्षी मला पहिल्यांदा उत्तम उपस्थितीचं भिंतीवरचं घड्याळ मिळालं. योगायोग असे असतात.

असो. बाईला पहिली ताकीद दिली, दुसरी दिली आणि तिसरीत स्पष्ट लिहिलं : येत्या पूर्ण महिन्यात दोन्ही वेळच्या तपासणीत खुर्ची भरलेली आढळली पाहिजे, अन्यथा सेवा समाप्त. पत्र हातात घेऊन बाई माझ्या टेबलाशी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"एक महिना ना?" तिने विचारलं.

"एकच महिना. मन घट्ट करा."

"मन घट्टच आहे हो. नाकं गळतात त्याचं काय करू?"

हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा असल्याने मी पत्राच्या पोचेवर तिची सही घेतली.

आणि मग त्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी पाळणाघर कांजिण्यांमुळे महिनाभरासाठी बंद झालं. जुळ्यांना कांजिण्या आधीच येऊन गेल्या होत्या, म्हणजे ती ठणठणीत होती. पण ठणठणीत मुलांना ठेवायला जागा नव्हती. सासूबाई गुडघेदुखीने बसलेल्या, आई दूर गावी. यजमानांचं तिसरं वर्ष चालू होतं, जिन्यातला फोटो उतरण्याची भीती होती. तेव्हा बाईने जे करायला नको होतं तेच केलं. ती मुलांना घेऊन कामावर आली.

पहिल्या दिवशी मजल्यावर थोडी खळबळ उडाली. नंतर लोक सरावले. धाकटा टेबलाखाली कागदाच्या रिमांच्या मागे बसून रिकाम्या खोक्यांशी बोलायचा. थोरलीला खुर्ची लागायची. ती आईच्या खुर्चीत मांडी घालून बसायची, समोर कागद घेऊन रेघोट्या मारायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे असं बघायची की माणूस नकळत चालण्याचा वेग वाढवी. मोठे साहेब त्या बाजूने जाणं टाळू लागले. बाई शेजारी उभी राहून, टेबलाच्या कडेवर कागद ठेवून, इस्त्रीची पुस्तिका लिहायची. उभ्याने लिहिल्यामुळे वाक्यं छोटी येतात, असं ती हसत म्हणायची. त्या महिन्यात तिने इस्त्री, दोन पंखे आणि पाणी तापवायचं भांडं अशा चार पुस्तिका पूर्ण केल्या. बाकीच्या विभागाने एक करायला घेतली होती.

काका पहिल्या दिवशी फेरीवर आले, थांबले. खुर्चीत व्यक्ती होती. वयाची अट नियमात नव्हती. खुर्चीशेजारीही एक व्यक्ती होती, पण ती खुर्चीत नव्हती. आणि तिची कोणतीही खूण खुर्चीवर नव्हती, कारण खुर्ची भरलेली होती. काकांनी चष्मा पुसला.

"काका, मी आहे ना इथे," बाई म्हणाली. "ही बघा, तुमच्यासमोर उभी आहे."

"उभ्या आहात, दिसतंय मला," काका म्हणाले. त्यांचा स्वर खरोखर कळवळ्याचा होता. "पण मी उभ्या माणसांचा नाही हो. मी खुर्च्यांचा आहे."

"मग हिला उठवते."

थोरलीने उठायला नकार दिला. तो इतक्या वरच्या पट्टीत दिला की तळमजल्यावरून विचारणा झाली. काकांनी दोन्ही हात वर केले आणि जे दिसलं ते लिहून पुढे गेले.

रोज दोन्ही वेळा हेच होत महिना संपला. समितीची बैठक भरली. बाईच्या खुर्चीची उपस्थिती शंभर टक्के होती. पहिल्यांदा सगळ्यांना आनंद झाला, मोठे साहेब तर म्हणालेच, "बघा, ताकीद दिली की माणूस सुधारतो." पण काकांनी प्रामाणिकपणे खुलासा केला की खुर्चीत बसणारी व्यक्ती निराळी होती. इथे घोडं अडलं. ही हजेरी आईच्या नावावर धरावी का? नियम सांगतो की हजेरी हस्तांतरित करता येत नाही. स्वेटरची हजेरी स्वेटरच्या मालकाला मिळते, कारण स्वेटर त्याच्या मालकीचा असतो. मूल आईच्या मालकीचं असतं का? यावर बराच काथ्याकूट झाला. सल्लागार वकिलांना फोन केला. त्यांनी कळवलं की कायद्याने मूल ही वस्तू नसून स्वतंत्र व्यक्ती आहे. मुलाचा असा गौरव ऐकून सगळ्यांना बरं वाटलं आणि त्याच क्षणी आईची त्या महिन्याची हजेरी शून्य झाली.

निघालेले निष्कर्ष इतिवृत्तात आहेत, ते थोडक्यात असे. एक : जुळ्यांची आई संपूर्ण महिना कार्यालयात असूनही गैरहजर होती. दोन : कुमारी थोरली संपूर्ण महिना हजर होती, दोन्ही वेळा, एकाही उशिराशिवाय, सबब मासिक उत्तम उपस्थितीचं घड्याळ तिला देण्यात यावं. तीन : वय वर्षे अडीचची व्यक्ती महिनाभर कामावर हजर असणं ही बालमजुरी ठरत असल्यामुळे, कार्यालयात बालमजूर आणल्याचा वेगळा ठपका आईवर ठेवण्यात यावा. चार : धाकटा टेबलाखाली, म्हणजे खुर्चीबाहेर असल्यामुळे त्याची दखल घेण्याचं कारण नाही. (धाकट्याच्या बाबतीत हे पुढेही चालू राहील, असं मला वाटतं.)

न्यायाला धरून बाईचं म्हणणं ऐकायला तिला बोलावलं. मुलं टंकलेखक ताईंकडे दिली होती, पण धाकटा दाराबाहेरून मधून मधून "आई" म्हणत होता, त्यामुळे कामकाजात व्यत्यय येत होता.

"बाई," मोठे साहेब म्हणाले, "तुमच्या घरी मुलांकडे बघणारं कुणी नाही का?"

"आहे ना साहेब. मी आहे."

"तसं नव्हे. दुसरं कुणी."

"त्यांचे वडील आहेत. पण त्यांची हजेरी शंभर टक्के आहे."

"उत्तम," साहेब म्हणाले. ते सवयीने तोंडातून गेलं.

"तेच म्हणते मी." बाईचा आवाज जरा चढला. "साहेब, माझी मुलं आजारी पडली तेवढे दिवस कुणीतरी घरी थांबायलाच हवं होतं. मी थांबले म्हणून ते जाऊ शकले. म्हणजे माझी अर्धी रजा त्यांच्या वाट्याची आहे. ती त्यांच्या ऑफिसला लावा. त्यांचा फोटो अर्धा उतरवा आणि माझी नोकरी अर्धी तरी ठेवा."

समितीने या सूचनेचा गांभीर्याने विचार केला. तिच्यात तांत्रिक तथ्य होतं. पण दोन कार्यालयांत गैरहजेरी वाटून घेण्याची पद्धत अस्तित्वात नाही आणि अर्धा फोटो वाईट दिसतो. सूचना फेटाळली.

"मी चार पुस्तिका दिल्या महिन्यात," बाई म्हणाली.

मोठे साहेब हळू आवाजात म्हणाले, "तेच तर बाई. गैरहजर राहून तुम्ही चार दिल्यात. आता मला सांगा, मग हजर असलेल्यांनी काय करायचं?" आम्ही सगळे समिती सदस्य खाली बघू लागलो. बाईचं काम किती धोकादायक होतं हे तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं.

दाराबाहेर धाकटा परत एकदा "आई" म्हणाला. बाईने तिकडे बघितलं नाही. "साहेब, मला हे काम आवडतं हो," ती म्हणाली. "दिवसभर घरात मी 'नको', 'हात लावू नको', 'थांब' एवढंच बोलते. इथे मला पूर्ण वाक्यं लिहायला मिळतात. मला काढू नका." हे म्हणताना तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिच्याकडे रुमालही नव्हता, पिशवी बाहेर होती. मी तिचं म्हणणं लिहून घ्यायला गेलो, पण इतिवृत्तात 'आवड' असा रकाना नाही. 'इतर' असा आहे, तो भरला होता.

त्याच दिवशी तिला सेवामुक्त केलं. जाताना तिने टेबल आवरलं, इस्त्रीच्या पुस्तिकेत एक चूक राहिली होती ती दुरुस्त केली आणि दोन हातांना दोन मुलं धरून निघाली. थोरलीला घड्याळ द्यायचं म्हणून मी जिन्यापर्यंत गेलो. घड्याळ मोठं होतं आणि बाईचे दोन्ही हात अडकलेले होते. थोरलीनेच ते माझ्याकडून घेतलं, पोटाशी धरलं, आणि एकेक पायरी उतरत गेली. बाईने मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं.

संध्याकाळी मी हा सगळा प्रकार घरी हिला सांगितला. ही भाजी निवडत होती.

"म्हणजे काढलंत तिला," ही म्हणाली.

"समितीने काढलं."

"तुम्ही होतात ना तिथे?"

"अर्थात. मी एकही बैठक चुकवत नाही."

"हो," ही म्हणाली. "तुम्ही कधीच काही चुकवलं नाहीत." आणि ताट घेऊन आत गेली. इतक्या वर्षांनी हिच्या तोंडून कौतुक ऐकलं.

रिकामी जागा भरण्यासाठी मुलाखती झाल्या. पाच बायका आल्या. प्रत्येकीला मुलं किती, नसल्यास केव्हा, असल्यास कुणाकडे ठेवता, त्यांची नाकं कशी, हे आम्ही आपुलकीने विचारलं. एकीने सांगितलं की तिला मुलं नाहीत. पण ती ज्या तऱ्हेने म्हणाली त्यावरून पुढे होतील असं वाटलं. सहावा एक गृहस्थ आला. "घरी कोण कोण?" साहेबांनी विचारलं. "तीन मुलं आहेत, साहेब. सगळ्यात धाकटं चार महिन्यांचं," तो म्हणाला. "वा! वा!" मोठे साहेब म्हणाले, "भरलं घर आहे. जबाबदार माणूस." सगळे समाधानाने हसले. मुलांकडे कोण बघतं, हे विचारण्याचं कुणाला सुचलं नाही. मलाही आत्ता लिहिताना सुचलं. त्याची निवड एकमताने झाली आणि पहिल्याच दिवशी त्याने एक छान निळा स्वेटर आणला.

विभागाची हजेरी आता शंभर टक्के आहे. नव्या यंत्रांची पुस्तिका अजून निघालेली नाही, पण ती निघेल. गिऱ्हाइकांची पत्रं येतात, नव्या मिक्सरचं झाकण कुठल्या बाजूने बसवायचं, नव्या इस्त्रीत पाणी आधी घालायचं की नंतर, वगैरे. त्यांना आम्ही 'आपले पत्र मिळाले' असं तत्परतेने कळवतो.

हा वृत्तान्त आपण शेवटपर्यंत वाचलात याबद्दल समितीच्या वतीने आभार. इतका मजकूर एका बैठकीत, मध्ये एकदाही न उठता, कुणाचं नाक न पुसता, गॅसवरचं दूध न बघता वाचून होणं ही हल्ली दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिच्यामागे मनाचा निश्चय लागतो. आपला फोटो जिन्यात लावण्याजोगा आहे. मघाशी आपल्या घरी आतल्या खोलीत पोर रडत होतं, ते आता थांबलंय. आपोआपच थांबलं असणार.